साल तुमची, प्रश्न कुणाचा?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका वनस्पती-रसायनशास्त्रातल्या संशोधक आहेत. संत्र्याचा रस काढल्यावर कारखान्यात उरणाऱ्या सालींमधून फ्लॅव्होनॉइड या गटातली वनस्पतिजन्य द्रव्यं वेगळी करण्याची पद्धत त्यांच्या छोट्या गटाने बसवली आहे. हा अर्क आरोग्याला उपयोगी आहे, असं त्या लिहितात. दुसऱ्या देशातल्या एका मोठ्या विद्यापीठाने त्यांना तीन वर्षांच्या संयुक्त प्रकल्पासाठी विचारलं आहे. यांनी सालीची पूड आणि अर्क पाठवायचे; पुढचं विश्लेषण, माणसांवरच्या चाचण्या आणि उत्पादन तिकडे. शोधनिबंधांत नाव मिळेल, थोडा निधीही मिळेल. विभागप्रमुख म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही, लगेच सही करा. पीएचडीचे गाईड म्हणतात, बाहेरचे लोक नमुने नेतात, पेटंट घेतात आणि ओळखही विसरतात, नकार द्या. 'मी या विषयात आले ती अन्नाची नासाडी कमी व्हावी म्हणून. प्रकल्प नाकारला तर त्या कामाकडेच पाठ फिरवल्यासारखं होईल आणि स्वीकारला तर आपल्याजवळचं सगळं देऊन टाकल्यासारखं. मी काय करू?'

तुम्हाला दोन अनुभवी माणसं दोन दिशांना ओढताहेत, आणि दोघांचाही विषय एकच आहे : सही करायची की नाही. पण पत्राच्या शेवटी तुम्ही स्वतःबद्दल जे लिहिलं आहे, ते त्या दोघांच्या बोलण्यात कुठे दिसत नाही. अन्नाची नासाडी कमी व्हावी म्हणून तुम्ही या कामात आलात. मला वाटतं, आपण तिथूनच सुरुवात करावी. हा प्रकल्प नाकारला तर त्या कामाकडे पाठ फिरवल्यासारखं होईल, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. मला ते इतकं सरळ वाटत नाही.

एक साधा हिशेब करून पाहा. रस काढल्यावर संत्र्याच्या वजनातलं जवळजवळ निम्मं साल, चोथा आणि बिया म्हणून मागे उरतं. या ओल्या मालात सुमारे ८० टक्के पाणी असतं. म्हणजे १ टन ओल्या सालीतून हाती येते सुमारे २०० किलो सुकी साल. तिच्यात हेस्पेरिडिन, म्हणजे संत्र्याच्या सालीतलं मुख्य फ्लॅव्होनॉइड, असतं काही टक्के. समजा ५ टक्के धरलं आणि ते सगळंच्या सगळं काढता आलं, जे प्रत्यक्षात होत नाही, तरी निघतं १० किलो. उरलेले १९० किलो तिथेच आहेत. ८०० किलो पाणी उडवायला जी ऊर्जा लागली ती वेगळीच, आणि अर्क काढून झाल्यावर चोथ्यात द्रावक राहिला असेल तर तो गुरांनाही घालता येत नाही. तुमच्या पद्धतीत द्रावक कोणता आणि तो किती परत मिळतो, हे तुम्हाला चांगलं ठाऊक असेल. मला एवढंच विचारायचं आहे, की प्रकल्पाच्या आराखड्यात या १९० किलोंचं पुढे काय होणार याबद्दल एक तरी ओळ आहे का? तुम्ही पत्रात जे सांगितलं आहे, त्यात नाही.

नासाडी मोजतात कशी, हेही बघायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं; ग्राहकांसाठी उपलब्ध असलेल्या अन्नाचा हा १९ टक्के भाग. यातलं ६० टक्के घरांमध्ये, २८ टक्के उपाहारगृहांसारख्या ठिकाणी आणि १२ टक्के दुकानांत गेलं. त्याच्याही आधी, कापणीनंतर दुकानापर्यंत येता येता सुमारे १३ टक्के अन्न गळतं, असा अन्न आणि कृषी संघटनेचा अंदाज आहे. आता तुमची साल यात कुठे बसते? पहिला आकडा दुकानापासून पुढचा आहे, त्यात कारखाना येत नाही. दुसऱ्यात फळाचा अखाद्य भाग धरत नाहीत. म्हणजे कारखान्यामागचा सालींचा ढीग या दोन्ही आकड्यांच्या बाहेर राहतो. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांमध्ये १२.३ हे लक्ष्य आहे : २०३० पर्यंत दुकानं आणि ग्राहक या पातळीवरची दरडोई नासाडी निम्म्यावर आणायची. निधीच्या प्रस्तावांत ते सर्रास लिहिलेलं असतं. तुमच्या प्रस्तावात असेल तर तिथे खरं ते लिहायला सांगा, की हे काम उप-उत्पादनाच्या वापराचं आहे. उप-उत्पादनाचा चांगला वापर हीसुद्धा मोलाचीच गोष्ट आहे. पण कुणाच्या तोंडचं अन्न वाचवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तुम्हाला ओढ त्या दुसऱ्या गोष्टीची असेल तर हा फरक तुम्ही स्वतःशी स्पष्ट करून घेतलेला बरा.

हे मी तुमचं काम कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. साल ही खरी अडचण आहे. ओली साल लगेच आंबायला लागते, तिच्यातून झिरपणारं पाणी जवळपासचे ओढे-विहिरी खराब करतं. सालीच्या तेलातलं लिमोनीन सूक्ष्मजीवांना मारक असल्यामुळे ती तशीच बायोगॅसच्या टाकीत घातली तर टाकी मंदावते. सालीपासून पेक्टिन (जॅम घट्ट करणारं द्रव्य) काढण्याचा आणि वाळवलेला चोथा पशुखाद्यात घालण्याचा उद्योग जगात कित्येक दशकं चालू आहे. तिथे मात्र कुणी 'आरोग्यवर्धक नवसंशोधन' हे शब्द वापरत नाही, म्हणून त्याला संशोधनाचा निधी मिळणं अवघड जातं. मला हे मनापासून खटकतं. सालीचा सगळ्यात महागडा उपयोग हाच तिचा सगळ्यात चांगला उपयोग, असं आपण न विचारताच मानून चाललो आहोत.

याच सालीची एक गोष्ट सांगतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते संरक्षित क्षेत्रात डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स या पर्यावरणशास्त्रज्ञांनी एका रस-कंपनीशी करार घडवून आणला. कंपनीने आपल्या ताब्यातली काही वनजमीन उद्यानाला द्यायची आणि बदल्यात तिने आपली साल उद्यानातल्या उजाड कुरणांवर टाकायची. सुमारे १२,००० टन साल ३ हेक्टरांवर पसरली गेली. मग प्रतिस्पर्धी रस-कंपनी न्यायालयात गेली, उद्यान घाण केलं जातंय असा दावा तिने केला, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि काम थांबलं. ती जागा जवळजवळ विसरली गेली. १६ वर्षांनी प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे मोजणी केली, तेव्हा साल टाकलेल्या तुकड्यावर लगतच्या रिकाम्या तुकड्यापेक्षा झाडांचा जैवभार (एकूण वजन) १७६ टक्क्यांनी जास्त निघाला. सालींनी परदेशी गवत गुदमरवलं होतं आणि मातीचा कस वाढवला होता. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

सगळीकडे साल नेऊन टाका, असं मला सुचवायचं नाही. कुठेही तसं केलं तर ते प्रदूषणच होईल. पण त्या लोकांनी कामाची सुरुवात 'या सालीतून काय काढता येईल' इथून केली नव्हती. 'या जागेला काय हवंय आणि या सालीला कुठे जागा आहे' हे त्यांनी आधी पाहिलं. वेगवेगळ्या देशांचे लोक त्यात होते, आणि माती त्यांच्यासमोरच होती.

दुसरं उदाहरण तुमच्या विषयाच्या आणखी जवळचं आहे. हिरवं पान किंवा गवत चुरगाळलं की जो वास येतो, त्यात हेक्झानल नावाचं द्रव्य असतं. वनस्पती ते स्वतःच तयार करतात. फळ पिकताना पेशींची आवरणं मोडत जातात. ती मोडणारं एक विकर (एन्झाइम) हेक्झानलमुळे मंदावतं. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातल्या या संशोधनावर पुढे तमिळनाडू कृषी विद्यापीठ आणि श्रीलंकेची औद्योगिक तंत्रज्ञान संस्था यांनी मिळून काम केलं. नंतरच्या टप्प्यात केनिया, टांझानिया, त्रिनिदाद आणि टोबॅगो हेही आले. काढणीआधी हेक्झानलची फवारणी केली की फळ जास्त दिवस टिकतं, म्हणजे बाजारात न्यायला शेतकऱ्याला वेळ मिळतो. हेही वनस्पतीतल्या रसायनाचंच काम आहे आणि हेही आंतरराष्ट्रीय सहकार्यच आहे. फरक असा, की इथे फळ फळ म्हणूनच वाचलं. फवारणी कुठे, कधी आणि कोणत्या वाणावर करायची याची उत्तरं प्रत्येक देशातल्या लोकांना आपापल्या बागेत शोधावी लागली, म्हणून त्यांना नमुने पाठवणाऱ्याची भूमिका घेऊन चाललंच नसतं.

तुमच्या गटाला सालीतल्या मेणाची, पेक्टिनची, तेलाची बारीक माहिती आहे. फळावरचा खाण्याजोगा लेप, बुरशी रोखणारा नैसर्गिक घटक, असा एखादा धागा तुमच्याकडून प्रकल्पात घालता येईल का? मला हा प्रश्न तुमच्या सहीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आता आरोग्याकडे वळू. अर्क 'आरोग्याला उपयोगी' आहे, असं तुम्ही सहज लिहून गेला आहात. थोडं थांबा. परीक्षानळीत एखाद्या अर्काने मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू) किती शोषली, यावरून शरीरात काय होईल ते कळत नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाने अशा मोजमापांची आपली यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली; त्या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दिसत नव्हता आणि पूरक आहार विकणाऱ्या कंपन्या ते आकडे जाहिरातींत वापरत होत्या. युरोपीय संघाने त्याच वर्षी हजारो आरोग्यविषयक दावे तपासून २२२ दाव्यांची यादी मंजूर केली. वनस्पतींतल्या पॉलिफेनॉलबद्दल (फ्लॅव्होनॉइड याच मोठ्या गटात येतात) तिथे फार थोडं टिकलं. ऑलिव्ह तेलातल्या पॉलिफेनॉलचा दावा टिकला, तोही २० ग्रॅम तेलात किमान ५ मिलिग्रॅम हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्यापासून बनलेली द्रव्यं असली तरच.

उपयोग नसणं एक वेळ परवडतं. अपायही होऊ शकतो. फिनलंड आणि अमेरिकेच्या संशोधन संस्थांनी मिळून २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी घेतली. भाज्या-फळं खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं दिसत होतं, म्हणून रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरासारख्या भाज्यांतलं रंगद्रव्य, द्यायचं ठरलं. १९९४ मध्ये निकाल आला : ते घेणाऱ्यांमध्ये कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. याच धर्तीची अमेरिकेतली दुसरी चाचणी १९९६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. भाजीतून मिळणारं द्रव्य वेगळं काढून, दाट करून दिल्यावर वेगळं वागलं. या चाचणीला मी आंतरराष्ट्रीय सहकार्याचा उत्तम नमुना मानतो. दोन देशांनी मिळून जे शोधलं ते कुणालाच नको होतं, आणि तरी त्यांनी ते छापलं.

तुमच्या हेस्पेरिडिनचंही एक वैशिष्ट्य आहे. ते लहान आतड्यात फारसं शोषलं जात नाही; मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याची साखर तोडतात, मग त्याचा उरलेला भाग रक्तात जातो. कुणाच्या आतड्यात कोणते जिवाणू आहेत, त्यावर परिणाम ठरतो. आहार बदलला की जिवाणू बदलतात. एकाच शहरातल्या, एकसारखा आहार असलेल्या साठ-सत्तर तरुण विद्यार्थ्यांवर चाचणी घेऊन जे उत्तर येईल ते जगाचं उत्तर नसेल. इथे मला सहकार्याची खरी गरज दिसते. चाचणीचं एक केंद्र तुमच्याकडेही असायला हवं, तुमच्या भागातले वेगळ्या वयाचे, वेगळं खाणारे लोक त्यात हवेत. नुसती पूड तिकडे गेली तर विज्ञानाच्या दृष्टीनेही प्रकल्प लंगडा राहील. तुमच्या हक्काचा मुद्दा यानंतर येतो. त्याआधी हा कामाच्या दर्जाचा मुद्दा म्हणून मांडा. समोरचा गट प्रामाणिक असेल तर त्याला तो पटेल.

एक धोक्याची सूचना इथेच देऊन ठेवतो. संत्र्यांवर काढणीनंतर इमॅझॅलिल, थायाबेंडाझोल अशी बुरशीनाशकं वापरली जातात आणि ती सालीतच जास्त राहतात. अर्क दाट होताना त्यांचे अवशेषही दाट होऊ शकतात. आणि संत्रं शेकडो वर्षं खाल्लं जातंय म्हणून त्याच्या सालीचा दाट अर्कही आपोआप सुरक्षित ठरतो, असं कायदा मानत नाही. युरोपीय संघात १५ मे १९९७ च्या आधी लक्षणीय प्रमाणात खाल्ला जात नसलेला पदार्थ 'नवीन अन्न' ठरतो आणि त्याला आधी परवानगी लागते. ही तपासणी कोण करणार, तिचा खर्च कुणाचा, हे आजच विचारा.

आता तुमच्या गाईडची भीती. ती खोटी नाही. जखम भरून यायला हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं; भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पण या भीतीतही एक गृहीत आहे, की धोका नेहमी बाहेरूनच येतो. हूडियाची हकीकत पाहा. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले सान लोक शिकारीच्या लांबच्या वाटेवर भूक-तहान मारण्यासाठी ही वनस्पती चघळत. तिच्यातल्या द्रव्याचं पेटंट घेतलं ते दक्षिण आफ्रिकेच्याच सरकारी संशोधन परिषदेने, आणि पुढे एका ब्रिटिश कंपनीला परवाना दिला. सान लोकांना कुणी विचारलं नव्हतं. २००१ मध्ये ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली आणि २००३ मध्ये करार झाला : स्वामित्वशुल्काच्या ६ टक्के आणि संशोधनाचा एकेक टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या रकमांच्या ८ टक्के वाटा सान लोकांना. त्यानंतर मोठ्या कंपन्या एकेक करून या कामातून बाहेर पडल्या, २००८ मध्ये युनिलिव्हरनेही अंग काढून घेतलं. अपेक्षित उत्पादन आलंच नाही, त्यामुळे मोठा वाटाही आला नाही.

या हकीकतीतून मी दोन गोष्टी घेतो. आपल्या देशाची संस्था म्हणजे आपोआप आपली, असं नाही. तुमच्या विद्यापीठाशी तुमचा स्वतःचा करार काय आहे, शोधाचा हक्क कुणाकडे जातो, हे परदेशी करारापूर्वीच वाचा. आणि उद्याच्या उत्पादनातली टक्केवारी कागदावर कितीही मोठी दिसली तरी बहुतेक अर्क बाजारापर्यंत पोचत नाहीत. आज मिळणारं प्रशिक्षण, यंत्रावरचा वेळ, विदेची (डेटाची) पूर्ण प्रत, पगारी जागा या गोष्टी उत्पादन फसलं तरी तुमच्याकडे राहतात. मी तुमच्या जागी असतो तर टक्केवारीसाठी अर्धा तास आणि या गोष्टींसाठी अर्धा दिवस घासाघीस केली असती.

कायदा तुमच्या बाजूने आहे, फक्त तो वापरावा लागतो. जैवविविधतेच्या १९९२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जनुकीय संसाधनांवर, म्हणजे वनस्पती, प्राणी, जिवाणू यांच्यापासून मिळणाऱ्या उपयोगी मालावर, त्या त्या देशाचा अधिकार मानला जातो. त्याखालचा नागोया प्रोटोकॉल (पूरक करार) २०१० मध्ये स्वीकारला गेला आणि १२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू झाला. संसाधन घेण्याआधी पूर्वसंमती आणि परस्परमान्य अटी, हा त्याचा गाभा. लाभाची जी यादी त्याला जोडली आहे तिच्यात पैशांबरोबर संयुक्त संशोधन, प्रशिक्षण, तंत्रज्ञान देणं हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. संत्र्याची साल बाजारात विकली जाते म्हणून तिला हे लागू नाही, असं कुणी सांगेल. खाण्यासाठी विकणं आणि तिच्या जैवरासायनिक घटकांवर संशोधन करणं या दोन गोष्टी अनेक देशांचे कायदे वेगळ्या धरतात. तेव्हा अंदाज न बांधता तुमच्या देशाच्या सक्षम प्राधिकरणाला लेखी विचारा; प्रत्येक देशाचा संपर्क या कराराच्या माहिती-केंद्राच्या संकेतस्थळावर असतो. समोरचा देश कराराचा सदस्य आहे का, हेही तपासा. अमेरिका नाही.

मग सही करायची का? माझं मत असं, की आज करू नका आणि नकारही देऊ नका. आत्ताच्या स्वरूपात हा प्रकल्प म्हणजे पुरवठ्याचं कंत्राट आहे, त्याला सहकार्य म्हणता येत नाही. तो सहकार्य होऊ शकतो का, हे तुम्ही विचारल्याशिवाय कळणार नाही. दोन गटांतल्या ताकदीच्या फरकाने तुम्ही दबून गेला आहात असं पत्रावरून वाटलं. पण त्यांनी तुम्हाला विचारलं आहे ते तुमच्याकडे पद्धत आहे म्हणून. पूड कुणाकडूनही विकत घेता आली असती.

त्यांना एक पानभर पत्र लिहा. सुरुवात संशोधनाच्या प्रश्नाने करा, अटींनी करू नका. 'आम्हाला तुमच्या प्रश्नात रस आहे. त्याला जोडून आमचे दोन प्रश्न आहेत : अर्क काढल्यावर उरणाऱ्या चोथ्याचं काय, आणि याच सालीतल्या घटकांनी ताजं फळ जास्त टिकवता येईल का.' मग अर्क तुमच्याच प्रयोगशाळेत काढला जाईल आणि बाहेर जाईल तो ठरावीक वजनाचा, ठरावीक कामासाठी, हे सांगा. नमुना-हस्तांतरणाच्या करारात 'या कामाशिवाय दुसरं काही नाही, तिसऱ्या पक्षाला देणं नाही, उरलेला नमुना परत किंवा नष्ट' हे शब्द असू द्या. विश्लेषणाची मूळ विदा दोन्हीकडे राहील. तुमच्या गटातली एक व्यक्ती विश्लेषणाच्या काळात तिथे जाऊन ते यंत्र शिकेल. निबंधांवर कुणाचं नाव कुठल्या क्रमाने आणि पत्रव्यवहाराचा लेखक कोण, हे काम सुरू होण्याआधी ठरेल. कुठल्या निबंधाचं नेतृत्व तुमच्याकडे, तेही. माणसांवरची चाचणी सुरू होण्यापूर्वी सार्वजनिक नोंदणीत टाकली जाईल आणि निकाल काहीही आला तरी छापला जाईल. ही शेवटची अट सोडू नका.

पेटंटबद्दल एक सावधगिरी. बहुतेक देशांत अर्ज करण्याआधी माहिती जाहीर झाली, मग ती परिषदेतल्या एका भित्तिपत्रकावर का असेना, तर नावीन्य गेलं असं धरतात. म्हणून तुमच्या पद्धतीचं पेटंट हवं आहे की ती सगळ्यांसाठी खुली ठेवायची आहे, हे पहिल्या ऑनलाइन बैठकीच्या आधी ठरवा. खुली ठेवायची असेल तर ताबडतोब प्रसिद्ध करा. मग ती पद्धत जशीच्या तशी कुणालाच बंदिस्त करता येणार नाही. सालीसारख्या, जगभर पडून असलेल्या मालाच्या बाबतीत मला हा मार्ग अधिक पटतो. पण निर्णय तुमच्या गटाचा आहे, आणि त्यात तुमच्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांनाही बोलू द्या.

अटी मागितल्या तर ते नाराज होतील ही धास्ती असेल, तर त्यांच्याच भाषेतला आधार घ्या. साधनांची चणचण असलेल्या ठिकाणी संशोधन कसं करावं याची २३ कलमांची जागतिक आचारसंहिता २०१८ मध्ये तयार झाली आणि युरोपीय आयोगाने आपल्या संशोधन-निधीसाठी ती स्वीकारली. स्थानिकांना संशोधनाच्या आखणीपासून सामील करावं, हे तिच्यात आहे. ती तयार करणाऱ्यांमध्ये सान समाजाचे प्रतिनिधीही होते. त्यांनी २०१७ मध्ये स्वतःची वेगळी आचारसंहिताही जाहीर केली. तुम्ही जे मागता आहात ते आता चांगल्या गटांमध्ये रूढ होत चाललेलं आहे.

नकार कधी द्यायचा? मूळ विदा देणार नाही, चोथ्याचा प्रश्न आमच्या कक्षेत नाही, प्रतिकूल निकाल छापण्याचं आत्ता सांगता येत नाही, यांतली दोन उत्तरं आली तर. तेव्हा नकार देताना तुम्ही नासाडीच्या कामाकडे पाठ फिरवत नसाल. तुमच्यासारखाच माल, तुमच्यासारखीच अडचण असलेल्या एखाद्या लहान देशातल्या लहान गटाला पत्र लिहा. त्यांच्याकडे भारी यंत्र नसेल, पण त्यांच्याही कारखान्यामागे तोच ढीग असेल आणि त्यांना तोच प्रश्न पडलेला असेल. महागडी मोजणी पैसे देऊन बाहेरून करून घेता येते.

याच वळणावर असलेले इतरही वाचक मला लिहितात. त्यातल्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन, की प्रबंधात 'नासाडी कमी होते' लिहिण्याआधी पहिल्या टोपलीपासून शेवटच्या किलोपर्यंत वजनाचा ताळेबंद मांडा. पाणी, वीज, द्रावक सगळं धरून. आणि कारखाना चालवणाऱ्यांनी अर्काच्या प्रकल्पात पैसे घालण्याआधी साल मुळात कमी खराब कशी होईल, वेगळी आणि स्वच्छ कशी ठेवता येईल, याकडे बघावं. आंबलेल्या सालीतून कुणालाच चांगलं काही काढता येत नाही.

तुमच्या पत्राचा मसुदा तयार झाला की तो आधी विभागप्रमुखांना दाखवा, म्हणजे संधी हातची घालवली जात नाहीये हे त्यांना दिसेल. मग गाईडना वाचायला द्या, आणि नकार द्यावा की होकार, हे त्यांना विचारू नका. मसुद्यात कुठली पळवाट राहिली आहे, ते शोधायला सांगा. त्यांनी आयुष्यात जे पाहिलं आहे, त्यामुळे ती त्यांना सगळ्यात आधी दिसेल.